उकळलेलं फडकं

बाळाच्या तोंडात जाऊन परत आलेलं सफरचंद तुम्ही कधी हातात घेतलंय? मी घेतलंय. ते कोमट असतं, बुळबुळीत असतं आणि झटकलं तरी बोटांवरून जात नाही. हात धुतल्यावरही तासभर ते तिथेच आहे असं वाटत राहतं. माझी भाची अकरा महिन्यांची आहे, म्हणजे पाच महिने मी हे बघते आहे. सवय होते असं सगळे म्हणाले. मला झाली नाही.

आता कोणी म्हणेल, बाई फार नाजूक दिसते. नाजूकबिजूक काही नाही. खानावळी, बेकऱ्या, कँटीन यांची स्वयंपाकघरं तपासायची ही माझी नोकरी. पिठाच्या पोत्यातून उंदराच्या लेंड्या चिमट्याने वेचून पिशवीत भरल्यात आणि अर्ध्या तासाने डबा उघडून जेवलेय. झुरळांचं मला काही वाटत नाही, ती निदान आपल्याला बघून पळतात. मला किळस येते ती माणसांची. फ्रिजच्या दाराला तापमानाची वही टांगलेली असते, रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा असतो, आणि आचारी महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, तीस दिवसांचे आकडे ठोकून देतो. अशी वही मी चिमट्याने उचलते. नासलेलं मांस परवडलं, ते वासाने तरी खरं सांगतं. असल्या लोकांना मी आजवर सोडलेलं नाही.

घरात मला फिनाईल म्हणतात. हे नाव बहिणीच्या नवऱ्याने ठेवलं. तो वायरमन आहे, तोंडाने फटकळ, मनाने चांगला, आणि जेवून झाल्यावर पाचही बोटं एकेक करून चाटणारा. मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर कधी बसत नाही.

भाचीला गोटी म्हणतात. ती आठव्या महिन्यातच घाई करून आली, एवढीशी होती, आमची आई म्हणाली, ही तर गोटी आहे, आणि तेच चिकटलं. बहिणीचं दार आणि माझं दार एकाच जिन्यावर समोरासमोर आहे. गोटीला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जंतूंपासून जपा. ते त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं असेल, पण मी ते अंगावर घेतलं. वाट्या उकळ, चमचे उकळ, फडकी उकळ. बहीण मुकाट्याने सगळं करायची. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि लहानपणापासून ती माझ्या शब्दाबाहेर नाही.

सहाव्या महिन्यात वरचं खाणं सुरू झालं. सुरुवातीला दोन-तीन चमचे जायचे. जायचे म्हणजे काय, एक आत आणि दोन हनुवटीवरून गळ्याच्या घडीत. त्या घडीत काय काय साठायचं ते मी सांगत नाही, तुम्ही नुकतेच जेवला असाल. पण नवव्या महिन्यानंतर तेही बंद झालं. चमचा दिसला की गोटीच्या तोंडाला कुलूप. मान अशी फिरवायची की कान पुढे यायचा. जबरदस्ती केली तर सगळं बाहेर, वर दुधासकट. वजन साडेसहा किलोवर येऊन बसलं ते हलेना. बहिणीचे डोळे खोल गेले, वायरमन घरात आला की आधी चेहरा वाचायचा आणि मग चपला काढायचा.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सणाची सुट्टी संपली की पहिल्याच सकाळी या. तोवर एकदा तरी, एका बैठकीत, स्वतःहून वाटीभर खाल्लं असेल तर तिला खाता येतं एवढं मला कळेल आणि आपण थांबू. नसेल तर भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही. जिन्यात आल्यावर बहीण म्हणाली, "ताई, ती नळी नाकातून पार पोटापर्यंत जाते का गं?" मी हो म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तर सणाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. बहीण म्हणाली, "ताई, आहाराच्या त्या बाईंनी दिलेल्या कागदाच्या मागे एक गोड पदार्थ होता ना? सणाला सगळ्यांनी खायचा, बाळालाही चालतो असा. तो करशील? तुझ्याकडे आहे ना तो कागद?"

होता. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी तो दिला होता, बाळाला कसं भरवायचं याच्या नऊ ओळी. बाहेर पडता पडता गोटीने त्यावर उलटी केली. तो आंबूस कागद फ्रिजवर लावायचा म्हणजे झालंच. मी घरी येऊन नऊच्या नऊ ओळी स्वच्छ अक्षरात उतरवल्या, भाषा थोडी नीट केली, लॅमिनेशन करून आणलं आणि बहिणीच्या फ्रिजवर लावलं. अस्सल कागद पुसून, वाळवून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या फाईलला लावला. कागद मी कधी फेकत नाही.

तो पदार्थ म्हणजे क्रंबल. खाली शिजवलेली फळं, वर लोण्यात चोळलेला पिठाचा आणि ओट्सचा भुगा, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजायचं. साखर नाही, मीठ नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. मी पाकीट बहिणीच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं, कृतीची बाजू पुढे. आठ वाजता हात कोपरापर्यंत धुतले आणि कामाला लागले. बहीण सणाच्या बाजाराला गेली, वायरमन खुर्च्या आणायला गेला, आणि गोटीला तिच्या उंच खुर्चीत पट्टा लावून माझ्यासमोर बसवलं. ती माझ्याकडे बघत लाळेचे बुडबुडे काढत बसली. एक बुडबुडा बराच मोठा झाला. मी सफरचंदाकडे बघायला लागले.

चार सफरचंदं, दोन नासपती. सालं काढली, बिया काढल्या, बारीक फोडी केल्या. पातेल्यात दोन चमचे पाणी, चिमूटभर दालचिनी, झाकण. फोड बोटाने दाबली की विरघळली पाहिजे, नाहीतर घशात अडकते. इथपर्यंत काम स्वच्छ होतं, मला कामाबद्दल तक्रार नव्हती. ओट्स मिक्सरमधून फिरवले, त्यात कणीक घातली आणि थंड लोण्याचे तुकडे टाकले. हे चोळायचं हाताने. हातमोजे घातले, पण मोज्यात ते गोळा होऊन बसायला लागलं, म्हणून काढावे लागले. लोणी नखात गेलं. बोटांच्या बेचक्यांत पीठ बसलं. लोक याला आनंद म्हणतात, असे कार्यक्रम बघतात म्हणे.

तेवढ्यात आई आली. आईचं दुसऱ्या गल्लीत घर आहे, किल्ली तिच्याकडे असते. आल्या आल्या तिने कवळी काढली, पेल्यात टाकली आणि पेला कट्ट्यावर, माझ्या पातेल्याच्या शेजारी ठेवला. म्हणाली, "हिरडीला टोचते गं. जेवताना घालते."

"आई, तो पेला तिकडे ठेव."

"माझेच दात आहेत, चावत नाहीत तुला." आणि मी पेला उचलून बाथरूममध्ये ठेवून येईपर्यंत तिने पातेल्यातली फळं चमच्याने चाखली, चमचा पुढून-मागून चाटला आणि तोच परत आत घालून ढवळला. माझ्या डोळ्यांदेखत. मी पातेलं उचललं आणि केराच्या डब्यात रिकामं केलं.

"अगं ए," आई म्हणाली, "चार सफरचंदं."

"चाटलेला चमचा, आई."

"तुला मी असंच वाढवलं. घास चावून मऊ करून भरवलाय तुला. मेली नाहीस ती."

मी परत चार सफरचंदं सोलायला घेतली. आई बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावून बसली. चाळीस वर्षांपूर्वीचा चावलेला घास सणाच्या सकाळी असा समोर येतो.

दहापर्यंत क्रंबल झालं. ट्रेमधलं सगळ्यांना, आणि एका छोट्या उथळ भांड्यात गोटीसाठी. वरचा भुगा सोनेरी, कडांना रस उकळून चिकटलेला. गोटीचं भांडं निवत ठेवलं, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर घालून बघितलं. शेवटी छत्तीस आलं. उकळलेला चमचा घेतला. उकळलेलं फडकं मात्र अजून गॅसवर पाण्यातच होतं, त्याला वेळ होता. अर्धा चमचा भरून पुढे केला. गोटीने मान फिरवली, कान पुढे आला.

दारावर लाथ बसली. वायरमन चार खुर्च्या काखेत मारून उभा होता, हात मोकळा नव्हता. मी भांडं तिच्या खुर्चीच्या फळीवर ठेवलं आणि दार उघडायला गेले. खुर्च्या आत घेतल्या, त्याला पाय पुसायला लावले, आतल्या खोलीत खुर्च्या कुठे मांडायच्या ते सांगितलं. तीन मिनिटं गेली असतील.

परत येऊन बघते तर गोटीचा हात मनगटापर्यंत भांड्यात. दुसऱ्या हाताने तिने सफरचंद केसांना चोळलं होतं. कानात, नाकाच्या एका भोकात, भुवईवर, सगळीकडे तो पिवळट लगदा. बोटांतून गळून फळीवर, फळीवरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. ती मूठ भरायची, तोंडावर दाबायची, जे आत जाईल ते जाईल, उरलेलं गालावर. नाकातून शेंबूड येत होता आणि तोही त्यातच. मी खरंच सांगते, मला कोरडी ओकारी आली. उंदरांनी पोखरलेल्या गोदामात मी कधी नाक धरलं नाही, इथे धरलं.

आणि मग लक्षात आलं की ती गिळते आहे. गळा हलत होता. भांड्यातलं निम्मं संपलं होतं.

मी काय केलं असेल? जे रोज करते तेच. चिमट्याने गॅसवरच्या पाण्यातून फडकं काढलं, पिळलं, गार केलं आणि पुढे झाले. गोटीने फडकं बघितलं. तिचा हात तिथेच थांबला. ओठ मिटले, मान फिरली, कान पुढे आला. मी हनुवटीला हात लावल्याबरोबर तिला उमासा आला आणि आतलं सगळं माझ्या पोटावर आलं. ॲप्रनवर, ब्लाउजच्या बाहीवर. गरम. मी तशीच उभी राहिले, हातातलं फडकं खाली पडलं.

फडकं पडल्यावर थोड्या वेळाने गोटी सावरली. माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, हात आत घातला.

मी तपासणीस आहे. एकदा दिसलेल्या गोष्टीवर मी अहवाल लिहीत नाही. मी खाली वाकून फडकं उचललं आणि तिच्यासमोर धरलं. तोंड बंद. पाठीमागे लपवलं. तोंड उघडलं. परत समोर धरलं, परत बंद. परत लपवलं. तिसऱ्यांदा करताना मला ती ओळ आठवली.

पाकीट भिंतीला टेकलेलं होतंच. उलटं केलं. सातवी ओळ. 'खाताना मध्येमध्ये तोंड-हात पुसू नका. त्याने बाळ खाण्याला घाबरतं. पसारा होऊ द्या, संपल्यावर पुसा.' शेजारी फ्रिजवर माझं सुंदर अक्षर. सातवी ओळ. 'प्रत्येक घासानंतर उकळलेल्या फडक्याने तोंड व हात पुसावेत.'

उतरवताना हे वाचून मी नाक मुरडलं होतं, तेही मला आठवलं. पसारा होऊ द्या म्हणे. या बाई कुठल्या उकिरड्यावर वाढल्या, असं मनात म्हटलं होतं. ओळ गाळली असती तर आठच झाल्या असत्या आणि बहिणीने विचारलं असतं. म्हणून मी तिच्या जागी माझी ओळ घातली. नऊच्या नऊ. एकाच पेनाने, एका बैठकीत.

गोटीने नंतर फारसं खाल्लं नाही, पेंगायला लागली. मी तिला धुतलं, जमीन पुसली, स्वतःला धुतलं. तीन वेळा साबण लावला. बाही धुतली तरी वास येत होता, आणि तो गोटीचा नव्हता. बहीण बाजारातून आली तेव्हा कपडे बदलायला घरी जाते म्हणून सांगितलं आणि माझ्या घरात जाऊन पलंगाच्या कडेवर बसून राहिले. पाकीट हातात होतं. कोणी मागितलं नव्हतं. फाईलला लावून टाकायचं, फ्रिजवरचं उद्या नवीन करून लावायचं, की चालून गेलं असतं.

साडेबाराला पानं वाढली. म्हणजे टेबलावर चार ताटं, मधे भाज्या, भात, रस्सा, शेवटी क्रंबलचा ट्रे. आईने कवळी घातली. गोटी झोपून उठून ताजी होती. बहिणीने रोजच्यासारखं वाटी, चमचा आणि घडी केलेलं फडकं आणून ठेवलं. तिचा चेहरा फळ्यावर परीक्षेचा निकाल बघायला उभ्या असलेल्या पोरीसारखा झाला होता.

"आज फडकं नको," मी म्हटलं. "आणि चमचा पण नको. वाटी तिच्यासमोर ठेव आणि लांब हो."

"सगळं सांडेल, ताई."

"सांडू दे."

वायरमनने घास हातात धरूनच माझ्याकडे बघितलं. "फिनाईल, ताप आहे का?"

बहिणीने वाटी ठेवली. भरलेली, वर भुगा. गोटीने आधी बोट घातलं, मग हात घातला. मग जे व्हायचं ते झालं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, कारण तिकडे बघवत नव्हतं. पण ऐकू येत होतं, तो चुपुक चुपुक आवाज. मग बहिणीचा आवाज आला, अगदी हळू, "खातेय. अहो, बघा ना, खातेय ती."

वायरमन उठून उभा राहिला. आई म्हणाली, "माझ्या लेकीच्या हाताला गुण आहे. सफरचंद टाकून दिलंस तेव्हा म्हटलं, डोकं फिरलंय हिचं. पण बघ, काय केलंयस." बहीण उठली, माझ्या मागे येऊन माझ्या गळ्यात हात टाकून रडायला लागली. तिचे अश्रू आणि नाकातलं पाणी माझ्या मानेवर. "ताई, तू नसतीस ना तर," म्हणाली, "मी काय केलं असतं."

मला झुरळांची किळस येत नाही हे मी सांगितलंच आहे. उलट्यांची येते, लाळेची येते, चाटलेल्या चमच्याची येते. पण त्या क्षणी माझी मला जी किळस आली तशी मला आजवर कोणाची आली नव्हती. माझ्या मानेवर ती रडत होती आणि मी पाठीवर थोपटून घेत होते. मी तिचे हात सोडवले, मांडीवरच्या पिशवीतून पाकीट काढलं आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"सातवी ओळ वाच," मी म्हटलं.

तिने वाचली. डोळे पुसले आणि परत वाचली. मग मान वळवून फ्रिजकडे बघितलं. तिथून टेबल चार पावलांवर आहे, माझं अक्षर मोठं आहे.

"हे वेगळं आहे," ती म्हणाली.

"हो."

"उतरवताना चुकलं?"

"नाही. मला ते गलिच्छ वाटलं, म्हणून मी बदललं. त्यांनी लिहिलं होतं पुसू नका. मी लिहिलं, पुसा."

वायरमन खाली बसला. बहीण तो कागद प्लास्टिकवरून बोटाने सरळ करत राहिली. सरळच होता तो.

"मी तिचे हात धरायची," ती म्हणाली. "दोन्ही हात एका हातात घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने पुसायची. ती किंचाळायची. मी मनात म्हणायची, ताईने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. दोन महिने, ताई. दिवसातून चार वेळा."

"हो."

"उद्या तिच्या नाकात नळी घालणार होते."

"हो."

"अगं जाऊ दे," आई म्हणाली, "सणाच्या दिवशी कशाला,"

"आई, तू गप्प बस," बहीण म्हणाली. आईला असं ती जन्मात बोलली नव्हती. माझ्याकडेही कधी ज्या नजरेने बघितलं नव्हतं त्या नजरेने तिने बघितलं. मी ती नजर ओळखते. मी आचाऱ्यांकडे तशी बघते.

आवाज चढले की लहान मुलांना कळतं. गोटीचा हात थांबला होता. वाटीत निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. ती एकदा स्वतःच्या आईकडे, एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि खालचा ओठ बाहेर यायला लागला होता. बहीण ताडकन तिच्याकडे वळली. "खा गं राणी. खा ना." गोटीने हात मागे घेतला. बहिणीने मूठभर घेऊन तिच्या तोंडाशी नेलं, मान फिरली, कान पुढे आला.

मग गोटीने तोंडातलं काढलं. चघळलेलं, रसाचं पाणी झालेलं, त्यात भुग्याचा एक ओला गोळा. ते मुठीत धरून तिने हात लांब केला. तिच्या सर्वांत जवळ मी होते. मूठ माझ्या तोंडासमोर येऊन थांबली आणि तिच्या मनगटावरून एक थेंब माझ्या ताटात पडला.

मी खुर्ची मागे सरकवली. सरकवली म्हणजे ती आपोआप सरकली. गोटीचा ओठ थरथरला.

"खा," बहीण म्हणाली. मला म्हणाली. आवाजात माया नव्हती.

"अगं, मी,"

"खा, ताई."

मी तोंड उघडलं. तिची सगळी बोटं आत आली. कोमट होतं, बुळबुळीत होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून वाईट होतं, कारण त्यात दूध पण होतं. मी गिळलं. गोटीने माझ्या गळ्याकडे लक्ष देऊन बघितलं, खाली गेलं की नाही ते. मग हसली. दोन दात दिसले. तिने वाटीत हात घातला आणि मूठ स्वतःच्या तोंडात कोंबली.

पुढची मूठ माझी. त्याच्या पुढची तिची. मधेच मी डोळे मिटले तर तिने माझ्या पापणीवर लगदा थापला, तोंड उघड म्हणून. आई कवळीमागून हसत होती आणि रडत होती. पाच मुठी मी खाल्ल्या, तिने किती खाल्ल्या देव जाणे, पण तिने खाल्ल्या. शेवटी तिने वाटी उलटी करून डोक्यावर घातली. त्यातून काही पडलं नाही. बहिणीने ती वाटी काढली, उजेडात धरून आतून बघितली, आणि टेबलावर ठेवली.

माझ्या हनुवटीवरून काहीतरी ओघळत होतं. कॉलरच्या आत चाललं होतं. नाकाला चिकटलं होतं, भुवईवर वाळायला लागलं होतं. बहिणीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते घडी केलेलं उकळलेलं फडकं उचललं आणि माझ्या तोंडाकडे आणलं.

ट्रेमध्ये अजून क्रंबल होतं, आणि गोटीची नजर त्याच्यावर होती. बहिणीच्या हातातलं फडकं बघून तिचे ओठ मिटायला लागले होते.

मी मान फिरवली. "राहू दे," मी म्हटलं, "संपल्यावर पूस."